उसना कुत्रा आणि हिवाळ्यातलं तळं

डिसेंबरात पुणे जिल्ह्यात स्थलांतराच्या दोन लाटा दिसतात. पहिली उत्तरेकडून येते. मध्य आशियातली बदकं आणि तिबेट-मंगोलियाकडचे पट्टकादंब हिमालय ओलांडून उजनीच्या फुगवट्यावर, भिगवणच्या उथळ पाण्यावर उतरतात. काही चुकार पाहुणे शहरातल्या लहानसहान तळ्यांवरही येऊन जातात. दुसरी लाट दक्षिणेकडे जाते. ती माणसांची असते आणि एकतीस तारखेच्या आत गोव्यात पोचते. पक्षी हजारो किलोमीटर येतात ते सगळं बिऱ्हाड पिसांत घेऊन. माणसं जेमतेम साडेचारशे किलोमीटर जाताना पाच बॅगा, दोन पॉवर बँक आणि चिवड्याचा डबा घेतात आणि कुत्रा मागे ठेवतात. हा कुत्रा मग कुणा निवृत्त काकांकडे, लग्न न झालेल्या भावाकडे किंवा 'तुम्ही काय, घरीच असता' या एका वाक्यावर पकडलेल्या शेजाऱ्यांकडे येतो. सोबत त्याचं अंथरूण, अर्धवट चघळलेलं रबरी हाड आणि दोन्ही बाजूंनी लिहिलेला सूचनांचा कागद येतो. ज्याच्या गळ्यात हे सगळं पडतं त्याची बाकीचे कीव करतात. माझं म्हणणं असं, की त्याचं अभिनंदन करायला हवं. महाराष्ट्रात तळ्याकाठचा हिवाळा नीट पाहायचा असेल तर दुर्बीण, पक्ष्यांचं पुस्तक आणि निसर्गप्रेम या तिन्हींपेक्षा दुसऱ्याचा कुत्रा जास्त उपयोगी पडतो. आणि हे विधान पुराव्यानिशी सिद्ध करता येतं.

आधी हिवाळ्याचं बघू. 'आपल्याकडे कुठला आलाय हिवाळा' असं म्हणणारे लोक पंधरा अंशांना माकडटोपी चढवतात, त्यामुळे त्यांचं बोलणं फार मनावर घेऊ नये. जानेवारी १९३५ मध्ये पुण्याचा पारा १.७ अंशांपर्यंत उतरला होता. नागपुरानं २९ डिसेंबर २०१८ रोजी ३.५ अंश नोंदवले, आणि थंडीशी ज्या गावाचा काही संबंध नाही असं समजलं जातं त्या मुंबईनंसुद्धा २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४ अंश पाहिले. हे झाले विक्रम. पण नेहमीच्या डिसेंबरातली दहा-बारा अंशांची पहाटही तळ्याला पुरते. पाणी जमिनीपेक्षा सावकाश तापतं आणि सावकाश निवतं. रात्रभरात जमीन गारठते, तिच्यालगतची हवा गारठते, तळं मात्र आदल्या दिवसाची ऊब धरून असतं. त्या कोमट पाण्यावरची वाफ गार हवेत शिरली की तिचे बारीक थेंब होतात आणि पाषाणच्या तलावावर गुडघाभर उंचीचा धुक्याचा थर तरंगू लागतो. थंड, जड हवा खाली बसलेली असते, तिच्यावरची हवा तुलनेनं उबदार असते, म्हणून काठावरच्या शेकोटीचा धूरही वर न जाता आडवा पसरतो. डिसेंबरअखेर पुण्यात सूर्य उगवतो सातच्या सुमाराला, आणि साडेआठपर्यंत हा सगळा कारभार आटोपलेला असतो. म्हणजे रोज दीड-दोन तासांचा खेळ, तिकीट नाही आणि प्रेक्षक रजईत. गजर लावून हा प्रश्न सुटत नाही. गजर हा माणसानं स्वतःशी केलेला करार असतो, आणि स्वतःशी केलेला करार मोडल्याबद्दल अजून कुणावर दावा लागलेला नाही. कुत्र्याचा करार मूत्राशयाशी असतो. त्यात 'अजून दहा मिनिटं' हे कलम नसतं, आणि करारभंगाची भरपाई सोफ्यावर वसूल होते.

यावर कुणी म्हणेल, कुत्र्याशिवायही माणसं पहाटे तळ्याकाठी जातातच की. जातात, पण तळं बघायला जात नाहीत. बहुतेकांच्या मनगटावर घड्याळ असतं आणि ते दहा हजार पावलं भरली की थरथरतं. तोपर्यंत शेजारून प्रत्यक्ष गरुड गेला तरी तो पाऊल धरला जात नाही, सबब दुर्लक्षणीय. हा दहा हजारांचा आकडा आयुर्वेदात नाही की कुठल्या ऋषींनी सांगितलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या एका पाऊलमोजणी यंत्रानं तो रूढ केला. मोजणारा माणूस काय काय गमावतो याचा पुरावाही आहे. डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर चॅब्रिस या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये एका प्रयोगात लोकांना चेंडू फेकणाऱ्या खेळाडूंची चित्रफीत दाखवली आणि चेंडू किती वेळा फेकला ते मोजायला सांगितलं. मधेच गोरिलाचा पोशाख घातलेली व्यक्ती खेळाडूंच्या घोळक्यात आली, छाती बडवून निघून गेली. जवळजवळ निम्म्या लोकांना ती दिसलीच नाही. ज्यांना गोरिला दिसत नाही त्यांना जलपर्णीआडून दबकत चालणारी जांभळी पाणकोंबडी काय दिसणार? पावलं न मोजणारे जे उरतात त्यांतले काही बाकावर बसतात. त्यांचं तोंड तळ्याकडे आणि लक्ष दिल्लीकडे असतं. काही हास्यक्लबात असतात आणि डोळे मिटून हसतात. काहींच्या खांद्यावर हातभर लांबीची लेन्स असते. त्यांना एक खंड्या तेवढा दिसतो आणि उरलेलं तळं ते मुद्दाम धूसर करून टाकतात.

कुत्रा या सगळ्यांहून वेगळा ठरतो, कारण त्याला कुठेही पोचायचं नसतं. त्याचं सगळं लक्ष नाकात असतं. हुंगायला लागला की तो सेकंदाला सुमारे पाच वेळा हुंगतो, आणि उच्छ्वास नाकपुडीच्या कडेच्या चिरेतून बाजूला सोडतो, म्हणजे समोरचा वास उडून जात नाही. माणसाच्या नाकात गंधग्राहक पन्नास-साठ लाखांच्या घरात. कुत्र्याच्या नाकात, जातीप्रमाणे, वीस-तीस कोटींपर्यंत. त्यातून पहाट गार, दमट आणि वारा पडलेली असेल तर वास जमिनीलगत रेंगाळतात. अशा पहाटे तळ्याकाठची वाट सोडून घरी यायला कुत्र्याला काही सबळ कारण नसतं. तो दर वीस पावलांवर थांबतो: दगडापाशी, बांबूच्या बुंध्यापाशी, आपल्याला जिथे काहीच दिसत नाही अशा मातीच्या चौकोनापाशी. तीस किलोंचा लॅब्रॅडॉर थांबला की माणूसही थांबतो. इथे निसर्गप्रेमाचा प्रश्न येत नाही, वजनाचा येतो. आता पक्षिनिरीक्षणात अवघड काय असतं? दुर्बीण धरणं नव्हे, नावं पाठ करणं नव्हे. एका जागी गप्प उभं राहणं. जे भल्याभल्यांना वर्षानुवर्षांच्या सरावानं जमत नाही ते कुत्रा पहिल्याच दिवशी जमवून देतो, आणि तेही जिथे बाक नाही, फलक नाही, सेल्फीची जागा नाही अशा ठिकाणी. एका हातात पट्टा, दुसऱ्या हातात पिशवी, म्हणजे मोबाइल खिशातच राहतो. मग नाइलाजानं समोर बघावं लागतं. समोर टिबुकली बुडी मारते आणि भलतीकडेच वर येते. कपाळावर पांढरा टिळा लावलेले वारकरी पक्षी उडायच्या आधी पाण्यावरून धावत सुटतात. पाणकावळा खुंटावर पंख पसरून उभा असतो, कारण पाण्यात राहून ओलं न होण्याची सोय निसर्गानं बदकाला केली तशी त्याला पुरती केलेली नाही. कवड्या खंड्या हवेत एका जागी पंख फडफडवत तळ्यातला मासा निरखतो आणि दगड पडावा तसा खाली येतो. कुत्र्याचं हुंगून होतं, पट्ट्याला हिसका बसतो आणि पुढचा अंक पुढच्या दगडापाशी सुरू होतो.

कुठल्या जातीचा कुत्रा वाट्याला येतो त्यावर निसर्गाचा कुठला भाग दिसणार हे ठरतं, आणि या बाबतीत निवड आपल्या हातात नसते हेच बरं. पुण्याच्या फ्लॅटांमध्ये सुखानं नांदणारा गोल्डन रिट्रीव्हर घडला स्कॉटलंडमध्ये. डडली मार्जोरिबँक्स या जमीनदारानं १८६८ पासून तो पद्धतशीर पैदास करून घडवला, आणि काम एकच: बंदुकीनं पाडलेली बदकं पाण्यातून, दात न लावता उचलून आणायची. लॅब्रॅडॉरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या थंड समुद्रात कोळ्यांच्या हाताखाली राबत. म्हणजे आपण ज्याला तिसऱ्या मजल्यावर दहीभात घालून वाढवतो तो मुळात बदक-विभागाचा कर्मचारी आहे. बदकांनी भरलेलं तळं त्याला दाखवणं म्हणजे त्याला थेट वाडवडिलांच्या कचेरीत नेऊन उभं करणं. त्याचे कान उभे राहतात, एक पाय उचलला जातो, आणि आपण ज्याला लांबचा काळा ठिपका समजत होतो तो ठिपका पोहतोय हे आपल्याला तेव्हा कळतं. मुधोळ हाउंड आला तर वेगळंच. तो नाकापेक्षा डोळ्यांवर विसंबणारा, सशामागे माळ तुडवणारा शिकारी. तो तळ्याच्या पलीकडच्या काठावरचं हालतं गवत बघतो आणि आपली नजरही लांब नेतो. बीगल आला तर सगळा हिवाळा जमिनीपासून चार बोटांवर घडतो: मुंगसाची वाट, बेडकाचं बीळ, दवात भिजलेलं कोळ्याचं जाळं. डॅक्सहुंड बिळात शिरणाऱ्या बिज्जूच्या मागे जायला घडवलेला, तेव्हा त्याच्यासोबत बांधाचा प्रत्येक खड्डा तपासला जातो. राहता राहिला पग, जो २००३ च्या सुमाराला एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीतून घराघरांत शिरला. चिनी दरबारात मांडीवर बसण्याखेरीज त्याच्या पूर्वजांकडे कुठलंही खातं नव्हतं. तो दहा पावलांवर बसतो आणि घोरल्यागत श्वास घेतो. पण त्याचाही उपयोग आहे. ज्याला तासभर एकाच जागेवरून तळं बघायचं आहे त्यानं पगच सांभाळायला घ्यावा.

मग स्वतःचाच कुत्रा का पाळू नये, उसना कशाला? ही शंका रास्त आहे आणि तिचं उत्तर हा या सगळ्या युक्तिवादाचा कणा आहे. स्वतःचा कुत्रा वर्षभरात घराच्या रीतीला लागतो. फाटक ते ट्रान्सफॉर्मर आणि ट्रान्सफॉर्मर ते फाटक एवढा त्याचा भूगोल ठरून जातो. पुढे पुढे तर सकाळी एक मुलगा येतो आणि चार घरांचे चार कुत्रे एकदम फिरवून आणतो. ब्रिटनमध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की कुत्रा पाळणारी माणसं पुरेसा व्यायाम करण्याची शक्यता न पाळणाऱ्यांच्या चौपट असते. हा निष्कर्ष आपल्याकडे जसाच्या तसा लावायचा तर ते सगळं आरोग्य त्या मुलाच्या नावावर जमा होईल. उसन्या कुत्र्याचं तसं नसतं. तो ठेव असतो, आणि दुसऱ्याच्या ठेवीबद्दल मराठी माणूस स्वतःच्या मालापेक्षा जास्त घाबरतो. आपलं ताट आपण उभ्यानं विसळू, पण शेजाऱ्यांचा डबा परत करताना घासून, पुसून, वर दोन करंज्या घालून देऊ. तीच वृत्ती इथे कामाला येते. रोज रात्री गोव्याहून व्हिडिओ कॉल येतो. मालक-मालकीण सांभाळणाऱ्याशी बोलत नाहीत; ते थेट कुत्र्याला विचारतात, 'फिरून आलास का रे सोन्या?' आणि कुत्रा ज्या नजरेनं कॅमेऱ्याकडे बघतो तिच्यातून सगळा अहवाल जातो. दुसऱ्या दिवशी तळ्याची फेरी लांबते. शिवाय उसनेपणाला मुदत असते. वीस वर्षं तळ्यासमोर राहणारा माणूस तळं बघत नाही, कारण ते उद्याही तिथेच असणार. कुत्रा आठ-दहा दिवसांत परत जायचा असतो, धुकं साडेआठला जायचं असतं, बदकं मार्चच्या आगेमागे जायची असतात. ज्याची परतीची तारीख ठरलेली आहे तेच माणूस लक्ष देऊन बघतो. पाहुणे जाईपर्यंत घर नीटनेटकं राहतं त्यामागेही हेच शास्त्र आहे.

आता कुत्र्याच्या पात्रतेवरचा आक्षेप. त्याला निसर्गातलं काय कळतं, असं विचारणारे भेटतात. वर आकाशातून पक्ष्यांची माळ चालली आहे आणि हा खाली शेणाच्या गोवरीत दंग. त्यातून त्याचे डोळे निळा आणि पिवळा एवढेच रंग नीट ओळखतात. तांबडा-हिरवा हा भेद त्याला फारसा नाही. भिगवणचे रोहित पक्षी बघायला लोक पहाटे नावेत बसतात, कुत्र्याच्या लेखी तो गुलाबी थाट म्हणजे मळकट, उंच पायांचा एक प्राणी. हे सगळं मान्य. पण वाटाड्याला सौंदर्यदृष्टी असावी अशी अट कुठे आहे? तो योग्य जागी थांबला की झालं, बघायचं काम आपलं. आणि निसर्गाशी त्याचं नातं आपल्यापेक्षा पातळ आहे असंही नाही. चेक आणि जर्मन संशोधकांनी २०१३ मध्ये ७० कुत्र्यांच्या शौचाची १,८९३ निरीक्षणं प्रसिद्ध केली. निष्कर्ष असा, की पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र शांत असेल तेव्हा कुत्रे उत्तर-दक्षिण दिशा साधून बसणं पसंत करतात. या कामाला पुढच्या वर्षी, आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनासाठी दिलं जाणारं इग्नोबेल पारितोषिक मिळालं. स्थलांतर करणाऱ्या अनेक पक्ष्यांना हेच चुंबकीय क्षेत्र वाट दाखवतं. तेव्हा पहाटेच्या तळ्याकाठचं दृश्य असं उभं राहतं: वर, ज्यांचे भाईबंद सात हजार मीटरहून जास्त उंचीवर उडताना नोंदले गेलेत असे पट्टकादंब होकायंत्राशिवाय दक्षिणेचा अंदाज घेत आहेत, खाली कुत्रा गोल गोल फिरून उत्तर जुळवतो आहे, आणि दोघांच्या मधे उभा असलेला मनुष्यप्राणी कुठल्या फाटकातून आत आलो ते मोबाइलला विचारतो आहे. निसर्ग कुणाला कळतो, हा प्रश्न यानंतर जपून विचारावा.

सगळ्यांत गंभीर आक्षेप पक्ष्यांच्या बाजूनं येतो, आणि तो हसण्यावारी नेता येत नाही. सिडनीजवळच्या जंगलवाटांवर झालेल्या एका अभ्यासात, २००७ साली, पट्टा बांधलेले कुत्रे नुसते चालवत नेले तरी तिथे दिसणाऱ्या पक्ष्यांच्या जातींची विविधता ३५ टक्क्यांनी आणि संख्या ४१ टक्क्यांनी घटलेली आढळली. एकट्या माणसाच्या चालण्यानंही पक्षी बुजतात, पण कुत्र्यानं बुजतात त्याच्या निम्म्याहूनही कमी. जमिनीवर वावरणारे पक्षी सगळ्यांत आधी पळ काढतात. बदकाच्या बाजूनं विचार केला तर हे बरोबरच आहे. दोन हजार किलोमीटर उडून, अंगातली चरबी जाळून ते इथे खायला आणि विसावायला आलं आहे. त्याला दर अर्ध्या तासानं उडवणं म्हणजे पंक्तीत बसलेल्या माणसाला घासागणिक उठवणं. म्हणून माझं म्हणणं मी मागे घेत नाही, पण त्याला कुंपण घालतो. नांदूर मध्यमेश्वरसारख्या अभयारण्यात कुत्रा न्यायचा नाही. २०२० पासून ते रामसर यादीतलं महाराष्ट्रातलं पहिलं पाणथळ आहे, आणि तिथे आपणसुद्धा आवाज खाली ठेवून जायचं असतं. शहरातल्या तळ्याला मात्र एका अंगानं रस्ता असतो, रस्त्यावर स्कूटर असतात, दूधवाले असतात, पोळ्यांचे डबे पोचवणारे असतात. तिथले पक्षी त्या बाजूपासून आधीच अंतर राखून असतात. कुत्रा फिरवायचा तो त्या बाजूनं, आखूड पट्ट्यावर. काठचा चिखल, वेळूचं बेट आणि उथळ पाणी पक्ष्यांना सोडायचं. लांबून बघितलं म्हणजे कमी दिसतं हा गैरसमज आहे. पाच पावलांवरून एक घाबरलेलं बदक दिसतं. पन्नास पावलांवरून अख्खा थवा त्याचं रोजचं काम करताना दिसतो, आणि बघण्यालायक गोष्ट तीच.

राहिला स्वच्छतेचा मुद्दा. यात दोन बाजू आहेत, एक कुत्र्याची आणि एक तळ्याची, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर तळ्याची बाजू लंगडी आहे. कुत्र्यानं उत्तर-दक्षिण साधून जे केलं ते पिशवीत भरून कचरापेटीत टाकणं हे सांभाळणाऱ्याचं कर्तव्य आहे. इथे लाजायचं कारण नाही, लाजायचं ते मागे ठेवून गेल्यास. तळ्यात मात्र अख्ख्या उपनगराचं सांडपाणी येतं आणि त्यावर पिशवीचा उपाय चालत नाही. त्या सांडपाण्यावर पोसलेली जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेची. कुणाही माणसाला ती दुरून कोवळी हिरवळ वाटते, आणि बदक-विभागाच्या कर्मचाऱ्यालाही वाटते. फरक एवढाच, की तो धावत जाऊन तिच्यावर पाय ठेवतो. मग जो बाहेर येतो तो पूर्वीचा गोल्डन असतो. शिवाय असल्या पाण्यातून कुत्र्याला लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो, आणि त्याच्याकडून तो माणसापर्यंत येऊ शकतो. म्हणून त्याला तळ्यात उतरू द्यायचं नाही, तळ्याचं पाणी पिऊ द्यायचं नाही, लसीकरणाचा कागद आधी मागून घ्यायचा, घरी आल्यावर पंजे धुऊन पुसायचे. इतकी शिस्त नको असेल तर मग निसर्ग नकोच म्हणा. पण या शिस्तीतूनच एक उपयुक्त गोष्ट घडते: आपल्या तळ्यात उतरलं तर आजारी पडायला होतं, हे वीस वर्षं काठावर राहणाऱ्याला पहिल्यांदा स्पष्ट कळतं. कुत्र्याच्या काळजीपोटी का होईना, नाला कुठून येतो ते तो बघायला लागतो. महापालिकेकडे गेलेल्या काही तक्रारींचं मूळ अशा एखाद्या ओल्या पंजातही सापडू शकेल.

आणखी एक व्यावहारिक अडचण आहे: तळ्याकाठची स्थानिक कुत्री. आपल्या गल्लीत कुत्राही वाघ असतो आणि तळ्याला गल्ल्या पुष्कळ असतात. चहाच्या टपरीपासून देवळापर्यंत एका टोळीची हद्द, देवळापासून पंपहाउसपर्यंत दुसरीची. उसना कुत्रा परका, त्याच्या गळ्यात स्वेटर आणि अंगाला शाम्पूचा वास. त्याची चौकशी होणारच. ही गोष्ट अंगावर बेतू शकते, म्हणून टोळी दिसली की वाट बदलणं शहाणपणाचं. शौर्य दाखवायला ती ठेव आपली नव्हे. पण या सक्तीच्या वाटाबदलानंच तळ्याच्या अशा बाजूला जाणं होतं जिथे माणसं एरवी जात नाहीत, म्हणजे नेमकी जिथे पक्षी असतात ती बाजू लांबून बघण्याची सोय होते. माणसांचाही असाच उपयोग होतो. एरवी पुण्यात अनोळखी माणसाशी बोलायला पत्ता चुकवावा लागतो; कुत्र्यासोबत 'कुठल्या जातीचा?' एवढं पुरतं. त्यातून कळतं, की पलीकडच्या काठावर परवा कैकर येऊन मासा घेऊन गेली, किंवा मासे पकडणारे काका कुठल्या पहाटे जाळं टाकतात. पक्ष्यांच्या पुस्तकात या बातम्या येत नाहीत.

या सगळ्या व्यवहारात कुत्र्याचं काय, हेही विचारायला हवं, कारण करार एकतर्फी असू नये. फ्रेंच आणि अमेरिकी संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ज्या कुत्र्यांना रोज हुंगण्याचं काम दिलं ती पुढे अनोळखी गोष्टीकडे जास्त आशेनं बघू लागली; ज्यांना नुसतं मालकाच्या पावलाला पाऊल लावून चालायला शिकवलं त्यांच्यात तसा फरक पडला नाही. म्हणजे गोव्याहून परतलेल्या मालकाला उन्हानं करपलेला स्वतःचा चेहरा आणि आशावादी झालेला कुत्रा एकाच दिवशी बघायला मिळतो. यात कोण खऱ्या अर्थानं सुट्टीवर होतं हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

तेव्हा पुढच्या डिसेंबरात कुणी ओळखीचं माणूस बॅगा भरताना दिसलं तर तोंड चुकवून जिना चढू नका. स्वतःहून विचारा. कुत्रा मागून घ्या, सूचनांचा कागद आणि लसीकरणाची वही घ्या, पट्टा आखूड ठेवा, खिशात दोन पिशव्या जास्त ठेवा, मोबाइल घरी ठेवलात तर उत्तम. साडेसहाला घराबाहेर पडा, रस्त्याच्या बाजूनं चाला, आणि तो जिथे थांबेल तिथे थांबा, ओढू नका. दहा दिवस संपले की त्याला अंघोळ घालून, पुसून परत करा. कपाळाला आठ्या घालून परत करा म्हणजे उपकार फार मोठे वाटतात आणि पुढच्या वर्षीही कुत्रा आपल्याकडेच येतो.